दादाच्या वाटचा बलक

जेवणं उरकल्यावर बोलायचं, असं दादा ठरवून आला होता. पण आईने भांडण ताटाबरोबरच वाढलं.

“ही भाजी कुणी केली?” तिने भांडं खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं. “चमचाभर म्हणायचं आणि पळीभर तेल ओतायचं. म्हणून तर माझा पैलवान जिन्यात आडवा झाला.”

गणितबाईने मान खाली घालून पुढचा घास घेतला. ती दादाच्या धाकट्या भावाची बायको, शाळेत गणित शिकवायची. सासूने हे नाव तिला लग्नानंतर महिन्याभरातच ठेवलं होतं आणि त्यात कौतुक तीळभरही नव्हतं. एरवी ती एकाला दोन सुनावायची. पण धाकट्याचा धंदा लोकांचं घरसामान हलवायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवताना तो छातीला हात लावून खाली बसला, त्याला आता चार आठवडे होत आले होते. या चार आठवड्यांत सासूने तिच्या तेलाचा, तिच्या नोकरीचा, बाहेरून मागवलेल्या खाण्याचा असा काही पंचनामा केला होता, की बिचारीला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, आपणच नवऱ्याला घासाघासाने मारत आणलं.

“आई, तेल नाहीच त्यात,” धाकटा म्हणाला. “पाण्यात शिजवलीये. इतकी बेचव आहे की पथ्यवाला दादाच दुसऱ्यांदा मागेल.”

हसायचं सगळ्यांनाच होतं, पण जमलं कुणालाच नाही. धाकट्याची मुलगी, आठ वर्षांची चिमणी, तेवढी फिदीफिदी हसली. तिच्या ब्रेडवर आईने, म्हणजे तिच्या आजीने, बोटभर लोणी थापलेलं होतं. “तिला काय धाड भरलीये? आईच्या तोंडावर गेलीये पोर. खाऊ दे.”

दादाने हातातला घास ताटात परत ठेवला. त्याचा कोट दाराच्या खुंटीला होता आणि कोटाच्या आतल्या खिशात शुक्रवारपासून एक लिफाफा होता.

या घरात दोन ताटं वेगळी वाढली जात, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. बाप बस चालवायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने डेपोत बस उभी केली, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ते परत उचललंच नाही. त्याचा बापही त्रेचाळिशीत असाच गेलेला. दादा तेव्हा दहा वर्षांचा, धाकटा पाच. आईने महिनाभर रडून घेतलं आणि मग कंबर कसली. रोग रक्तातला आहे, एवढं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचं तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं. दोन्ही पोरांना समोर उभं केलं आणि तोंडं निरखली. थोरला हुबेहूब बाप. तेच नाक, त्याच जुळलेल्या भुवया, चालताना डावा खांदा तसाच खाली. धाकटा आजोळच्या वळणावर गेलेला, आणि आजोळची माणसं नव्वदीतही टुणटुणीत. झालं. खाण तशी माती. त्या दिवसापासून दादाच्या ताटात उकडलेलं आणि धाकट्याच्या ताटात लोणी.

सकाळचं अंडं तर ठरलेलंच. दोघांना एकेक. दादाचं अंडं आई स्वतः सोलायची, उभं चिरायची, पांढरं त्याच्यापुढे ठेवायची आणि बलक चमच्याने अलगद उचलून धाकट्याच्या ताटलीत सोडायची. “टाकायचा कशाला? ह्याला मानवतो.” धाकट्याचं लग्न होईपर्यंत, म्हणजे चांगली चोवीस वर्षं, त्याने रोज दोन बलक खाल्ले. एक त्याचा, एक दादाच्या वाटचा.

वर्षातून एकदा दादाचं रक्त तपासायचं. चरबी नेहमी बेताची. तो कागद आई शेजारीपाजारी दाखवून यायची. “बघा, पथ्याचा गुण!” दादाने एक्केचाळिसावं ओलांडलं, त्या दिवशी तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आणलं बाबा तुला काठाला.” धाकट्याचं रक्त मात्र कुणी तपासलं नाही. पैलवानाचं काय तपासायचं?

दादा दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात तो प्लॅस्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक नशिबाला म्हणतात. याने म्हाताऱ्यांना दात दिले आणि स्वतः बत्तीस धड दातांनी दुधीभोपळा चावला. ठसे पोचवायला एका दवाखान्यातून एक मुलगी यायची. आठ वर्षं आली. शेवटी तिनेच लग्नाचं विचारलं. दादा म्हणाला, “आमच्यात पुरुष टिकत नाहीत. तुला माझ्या आईसारखं करून ठेवू?” तिने वर्षभर वाट पाहिली आणि मग दुसऱ्या गावी लग्न करून गेली. ही गोष्ट त्याने घरी कधी सांगितली नाही. आईला मात्र कुठून तरी कळली होती आणि ती म्हणाली होती, “शहाणं माझं पोर.”

धाकट्याला झटका आल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी दोघा भावांचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. शुक्रवारी निकाल घ्यायला दादा एकटाच गेला. चांगले कपडे घालून गेला. माणूस शिक्षा ऐकायला जातो तसा.

“दोष तुमच्या भावात आहे,” डॉक्टर म्हणाले. “रक्तातली चरबी यकृताने उचलून घ्यायची असते. ती उचलायची सोय त्यांच्याकडे जन्मापासून निम्मीच आहे. वडिलांकडून आलेलं आहे ते. तुमच्यात आलेलं नाही. अभिनंदन.”

दादाला वाटलं, ते नावं उलटसुलट वाचतायत. त्याने तीनदा विचारलं. मग म्हणाला, “पण माझं पथ्य? एकोणचाळीस वर्षांचं?”

“चांगलंच आहे की. तब्येतीला बरंच ते. पण या रोगापुरतं म्हणाल तर तुम्हाला गरज नव्हती. आणि ज्यांना होती, त्यांचंही नुसत्या पथ्याने भागलं नसतं. पथ्य आणि गोळी, दोन्ही हवं होतं, तेही लहानपणापासून. मग चव्वेचाळिशीत हे झालं नसतं.”

“माझा तोंडवळा वडिलांचा आहे.”

“नाकाचा आणि याचा काय संबंध?” डॉक्टर पुढचा कागद काढत म्हणाले. “बरं, त्यांना मुलगी आहे ना? रक्त आणा तिचं. निम्मी शक्यता आहे. आत्ता सापडलं तर आत्ताच औषध सुरू करता येईल.”

तिथून निघाल्यावर दादा कोपऱ्यावरच्या दुकानात बसला आणि लोणी लावलेला ब्रेड मागवला. सरळ वर मान करून मागवला, चोरून नव्हे. पहिला घास मेण चघळल्यासारखा लागला. दुसरा गिळला, आणि बाहेर येऊन गटाराशी सगळं ओकून टाकलं. एवढीच त्याची मेजवानी.

“दादा, तुम्ही जेवत नाहीयात,” गणितबाई म्हणाली.

दादा उठला. हात धुतले, कोटातून लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला.

“हिच्या तेलाने काही झालेलं नाही, आई. हिला बोलणं आजपासून बंद कर.”

आईने लिफाफ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आणि तिचा चेहरा भलत्याच कारणाने उतरला. “तुझ्यात सापडलं ना? सापडणारच होतं. अरे, म्हणून तर मी इतकी वर्षं…”

“माझ्यात नाही. ह्याच्यात आहे.”

गणितबाईने लिफाफा ओढला, कागद उलगडला, शाळेतल्या पोरांचे पेपर तपासावेत तसं बोट फिरवत दोनदा वाचला. मग तिने तो नवऱ्यापुढे सरकवला आणि एकदम रडायला लागली. चार आठवड्यांचं रडणं होतं ते.

“बाटल्या बदलल्या असतील,” आई म्हणाली. “एकाच दिवशी घेतलं ना दोघांचं रक्त? एकच आडनाव. चिठ्ठ्या इकडच्या तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो? मी दोघांना जन्म दिलाय. मला कळत नाही का कोण कुणावर गेलंय?”

“नाकाचा संबंध नसतो, आई.”

“तुला तो डॉक्टर शिकवणार! त्याने तुझ्या बापाला बघितलं होतं का?”

“बघितलं नव्हतं. पण त्यांनी ह्याच्या टाचा बघितल्या. टाचेच्या मागची शीर जाड झालीये ह्याची, गाठीगाठीची. चरबी साठते तिथे, या रोगात.”

“हो, दाबून बघत होते,” धाकटा हळूच म्हणाला. “विचारत होते, बूट मागून लागतात का. म्हटलं, लहानपणापासून लागतात. मी चपलाच घालतो.”

आईचा हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. दादा तिच्याकडे पाहत होता. कागदावर तिचा विश्वास बसणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि कशावर बसेल हेही ठाऊक होतं. बापाच्या ड्युटीच्या बुटांची मागची कड आई स्वतः कात्रीने कापायची. नवीन जोड आला की आधी कड कापायची, कातडं आत दुमडून टाके घालायची. अठरा जोड तरी कापले असतील तिने. एवढ्या वर्षांत तोंडं बघितली, रंग बघितला, भुवया बघितल्या. पोरांच्या टाचा काही तिने बघितल्या नव्हत्या.

“त्यांचे बूट…” आई म्हणाली आणि थांबली.

“हो.”

धाकट्याने कागद घडी करून खाली ठेवला. तो शांतच बोलला आणि त्यामुळे जास्त लागलं.

“म्हणजे दादाचे बलकसुद्धा मलाच घातले होते.”

“अरे, मी काय मुद्दाम…”

“मुद्दाम नाही गं. पण तुला माहितीये का, आई, मला ते नको असायचे? तू दादाच्या शेजारी बसायचीस. त्याचं अंडं सोलायचीस, त्याचं सफरचंद कापून द्यायचीस, त्याला विचारायचीस, ‘पोट भरलं का रे राजा?’ माझ्यापुढे ताटली आपटायचीस. ‘खा आणि खेळायला जा.’ मी ते दोन बलक संपवायचो, कारण ते टाकताना तरी तू माझ्याकडे बघायचीस.”

“आणि मला वाटायचं तू सुखी आहेस,” दादाच्या तोंडून निघून गेलं. “मी तुझ्या ताटाकडे बघत मोठा झालो. तुझा हेवा करत.”

“माझा? अरे, तुला आई मिळाली की!”

“काय करू मी तिचं?” दादा म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. “तिला घेऊन काय केलं मी? ना बायको, ना पोर, ना एक धड जेवण. मरायची तयारी करण्यात जन्म गेला, आणि आता सांगतात मरायचं नव्हतंच.”

आई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. आयुष्यभर एकाला वाचवलं या एका गोष्टीवर ती ताठ उभी होती. ती गोष्टच काढून घेतल्यावर तिच्यात काही उरलं नाही. दादाला तिची कीव आली, आणि राग त्याहून जास्त आला.

गणितबाईने डोळे पुसले. कागद पुन्हा हातात घेतला. “दादा, चिमणीला किती शक्यता आहे?”

“निम्मी.”

“म्हणजे नाणं उडवल्यासारखी.”

“तिचं रक्त मागितलंय. सापडलं तर लगेच गोळी चालू करतील.”

“काही नको रक्तबिक्त!” आईला जणू धरायला काहीतरी सापडलं. ती खुर्ची सरकवून वाकली, गुडघे कुरकुरले तरी खाली बसली, आणि टेबलाखालून चिमणीचा पाय ओढून मांडीवर घेतला. मोजा काढला. अंगठ्याने टाच दाबून पाहिली, मग दुसऱ्या पायाची. “बघा! बघा रे! कशा बारीक आहेत, काडीसारख्या. एक गाठ नाही. हिच्यात नाहीये. मी म्हणत नव्हते?”

“आजी, गुदगुल्या होतात!” चिमणी हसत पाय झाडायला लागली.

दादाच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं होऊनही या बाईला अक्कल आली नाही. काल तोंडं बघत होती, आज टाचा बघतेय! “आई, लहान वयात टाचा दिसत नाहीत तशा. ह्याच्याही पाचव्या वर्षी काडीसारख्याच असतील. हे बघून कळत नाही. रक्तातूनच कळतं.”

पण धाकट्याने आईचाच धागा उचलला. “दादा, थोडं थांबू या ना. चिमणी सुईला किती घाबरते तुला माहितीये. मागे ताप आला तेव्हा दवाखाना डोक्यावर घेतला होता. मी नुकताच त्या सगळ्यातून आलोय. ती ओरडायला लागली की मला नाही बघवत. तब्येत ठणठणीत आहे तिची. वर्षभराने बघू.”

“तुझीही ठणठणीत होती,” गणितबाई म्हणाली. “कपाटं उचलत होतास.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“माझी पोर आहे. मी मध्येच असणार.”

“आत्ताच्या आत्ता तिला टोचून तुला काय मिळणार आहे? इस्पितळात काय असतं तुला कळत नाही!”

“मला? बाकड्यावर मी बसले होते तिथे, सहा रात्री!”

“मीही हेच म्हटलं होतं,” आई म्हणाली.

ती अजून जमिनीवरच होती. चिमणीचा मोजा तिच्या हातात होता.

“काय म्हटलं होतंस?” दादाने विचारलं.

“नाही बघवत, म्हणून.” आई कुणाकडे बघत नव्हती. “डेपोच्या डॉक्टरांनी दोघांना आणायला सांगितलं होतं. दोघांचं रक्त घेऊ म्हणाले. मी दोघांना घेऊन गेले. दादा, तू आधी बसलास. तू हूं की चूं केलं नाहीस. ह्याने सुई बघितली आणि दाराच्या कडीला लटकला. सोडेना. बाप जाऊन महिना झाला होता, पोरगं निळं पडेपर्यंत रडत होतं. डॉक्टर म्हणाले, धरा त्याला, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, राहू द्या. बिचारं आधीच पोळलंय. हा काही बापावर गेलेला नाही, तोंड बघा ह्याचं.” तिने मोजा गुंडाळला, पुन्हा उलगडला. “डॉक्टर म्हणाले, पुढल्या महिन्यात आणा. पुढल्या महिन्यात मी नेलं नाही.”

“म्हणजे माझा निकाल तेव्हाच आला होता?” दादाने विचारलं.

“आला होता ना. चांगला होता.”

“दहाव्या वर्षी? पथ्य सुरू व्हायच्या आधी?”

“डॉक्टर म्हणाले, ह्याला काही नाही. मला खरं वाटलं नाही, तू इतका त्यांच्यासारखा दिसायचास. म्हटलं, नसेल आत्ता, पुढे होईल. आपण आधीच जपलेलं बरं.”

दादा भिंतीला टेकला. ती ठसे आणणारी मुलगी त्याच्या डोळ्यांपुढे आली, दारात उभी, हातात पांढरा डबा. तिला त्याने जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं असल्याचं या घरात कुणाला तरी माहीत होतं.

धाकटा टेबलाला धरून उभा राहिला. उभं राहायला त्याला अजून वेळ लागायचा.

“उद्या सकाळी,” तो बायकोला म्हणाला. “शाळेत सांग. मीच घेऊन बसतो तिला मांडीवर.”

चिमणीला मोठ्यांचं बाकी काही कळलं नव्हतं, एवढं बरोबर कळलं. तिचा चेहरा वाकडा झाला. “मला सुई नको! मी नाही जाणार! आजी, सांग ना बाबांना! आजी!” ती खुर्चीच्या पाठीला घट्ट मिठी मारून ओरडायला लागली. ओरडता ओरडता श्वास कोंडला, ओठ थरथरले.

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, जीव खाऊन उठली आणि दोन्ही हात पुढे करून नातीकडे निघाली. “अगं माझी बाय गं, नको रडू. राहू दे रे, उद्याच कशाला, जरा मोठी होऊ दे…”

“आई,” दादा म्हणाला.

ती थांबली. आजच्या दिवसापर्यंत, एकोणपन्नास वर्षांत, तो तिला उलट शब्द बोलला नव्हता.

“खाली बस.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मागे सरून तिने खुर्ची चाचपली आणि बसली. चिमणी आजीला हाका मारत बराच वेळ रडली, आणि तिला उचलून घ्यायला कुणीही जागचं हललं नाही.